हलवला तर खांदा आणखी झिजेल का?

नमस्कार डॉक्टर,
माझं वय ६४. उजवा खांदा तीन वर्षांपासून दुखतोय. सुरुवातीला ज्यांना दाखवलं त्यांनी हात वर-खाली करून पाहिला आणि ‘तुम्हाला मधुमेह आहे, खांदा आखडलाय, वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटेल’ असं सांगितलं. मी वाट पाहिली. सुटला तर नाहीच, उलट आता केस विंचरताना हात डोक्यापर्यंत पोचत नाही, पाठीमागे जात नाही, हलवला की आतून करकर वाजतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला ठणक्याने जाग येते. गेल्या महिन्यात एक्स-रे काढला. ‘सांधा पूर्ण झिजलाय, मधली जागाच उरलेली नाही, बदलावा लागेल’ एवढं ऐकून घरी आले. दुसऱ्या एकांनी वंगणाचं इंजेक्शन सुचवलं. मुलगा म्हणतो, आधी एमआरआय करू. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि गेले आठ महिने रोज एक दुखण्याची गोळी मी मनानेच घेते. झीज वाढू नये म्हणून उजवा हात जवळजवळ वापरतच नाही, सगळं डाव्याने करते. आता डावाही कुरकुरायला लागलाय. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हात हलवला तर सांधा आणखी झिजेल का? आणि ऑपरेशन आत्ताच करायला हवं का?
– एक वाचक (नाव छापू नये)

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या भीतीपायी तुम्ही कित्येक महिने हात अंगाशी बांधून ठेवलाय. नाही, बेताने हलवल्याने सांधा झिजत नाही. न हलवल्याने मात्र तो आखडतो. तुम्हाला आज जो त्रास होतोय, त्यातला बराचसा या आखडण्याचा असावा, असं पत्र वाचून मला वाटतं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे पुढे लिहिते ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवून पडताळून घ्या. पण हात आजपासून हळूहळू वापरायला लागा, हे मी न तपासताही सांगू शकते.

यात तुमची चूक नाही. घोळ ‘झीज’ या शब्दाने केलाय. आम्ही डॉक्टर तो सर्रास वापरतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यंत्राचा भाग येतो: जितका फिरेल तितका घासेल, मग बंदच ठेवलेला बरा. पण सांधा जिवंत असतो. दंडाच्या हाडाचा गोळा आणि खवाट्याची वाटी या दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोसतं ते सांध्यातलं पातळ द्रव, आणि ते आत-बाहेर होतं स्पंजासारखं. दाब पडला की बाहेर, दाब सुटला की आत. म्हणजे उरलीसुरली कूर्चा जगवायची तर हालचाल हवीच.

कूर्चेत संवेदना नेणारे मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं सुजलेलं अस्तर, सांध्याभोवतीची घट्ट झालेली पिशवी, उघडं पडलेलं हाड आणि दुखेल या धास्तीने सतत आवळून धरलेले स्नायू. हाडाचं आपण घरी काही करू शकत नाही. सूज, पिशवी आणि स्नायू या तिघांचं करू शकतो. एकाच प्रकारचा वाईट एक्स-रे असलेल्या दोन माणसांपैकी एक शांत झोपतो आणि दुसरा रात्रभर येरझारा घालतो, त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या निदानाबद्दल. ‘खांदा आखडलाय’ ही शंका अगदीच चुकीची नव्हती. मधुमेह असलेल्यांमध्ये फ्रोजन शोल्डर इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि हाताने तपासताना तो आणि झिजेचा संधिवात, म्हणजे तुमच्या एक्स-रेत दिसलेली सांध्याची झीज, हे दोन्ही आजार जुळ्या भावंडांसारखे वाटतात. चुकलं ते एवढंच की एक्स-रे काढला गेला नाही. फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे साधारण स्वच्छ दिसतो, कारण तिथे फक्त पिशवी आकसलेली असते. संधिवातात गोळा आणि वाटी यांच्यामधलं अंतर कमी झालेलं दिसतं, गोळ्याच्या खालच्या कडेला हाडाचा काटा वाढलेला दिसतो, हाड जागोजागी पांढरं आणि दाट दिसतं. दोन्हींचा रस्ताही वेगळा आहे. फ्रोजन शोल्डर बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान येतो आणि एक ते तीन वर्षांत बराचसा ओसरतो. संधिवात ओसरत नाही, त्याच्याबरोबर नीट राहायला शिकावं लागतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी इथे थोडं थांबते, कारण ‘खांदा दुखतो’ म्हणून येणाऱ्या माणसाला नेमकं काय झालंय हे पुष्कळदा पाच मिनिटांच्या तपासणीत कळतं. कोपर बरगडीला टेकवून नव्वद अंशात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडल्यासारखा. तुम्हाला जमत नाही आणि डॉक्टरांनी हलकेच नेला तरी जात नाही, तर सांधाच अडलाय: एक तर फ्रोजन शोल्डर, नाही तर संधिवात. तुमची ताकद पुरत नाही, पण डॉक्टरांच्या हातात तो सहज फिरतो, तर सांध्याभोवतीच्या चार कंडरांपैकी, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांपैकी, एखादी दुखावलेली किंवा फाटलेली असू शकते. या चार कंडरांच्या झुलीला रोटेटर कफ म्हणतात. कळ कोपराच्या खाली उतरून बोटांत मुंग्या आणत असेल आणि मान वळवली की वाढत असेल, तर दुखणं मानेच्या मणक्यातलं असण्याची शक्यता जास्त. आणि दुखणं अगदी खांद्याच्या माथ्यावर, एका बोटाने दाखवता येईल असं असेल, हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे नेताना सणक येत असेल, तर तिथे गळ्याच्या हाडाचा छोटा सांधा आहे. त्यालाही संधिवात होतो, आणि त्यावरचे उपाय बरेच सोपे असतात.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे खोलवरचा ठणका, करकर, हात वर आणि मागे न जाणं, रात्रीची जाग, मोठ्या सांध्याच्या संधिवाताशी जुळतात. तरी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, एक्स-रे योग्य कोनातून काढलाय का? खवाटा छातीवर तिरका बसलेला असतो, त्यामुळे माणसाला समोर उभं करून काढलेल्या साध्या चित्रात गोळा वाटीवर चढलेला दिसतो आणि मधली जागा आहे तशी कळतच नाही. सांध्याच्या कोनात वळवून काढलेलं एक चित्र आणि काखेतून काढलेलं दुसरं, अशी दोन हवीत. दुसरी गोष्ट, हा झिजेचाच संधिवात आहे का? सकाळचा ताठरपणा दहा-वीस मिनिटांत सुटत असेल तर बहुधा हो. पण तो तासभर राहत असेल, दोन्ही खांदे किंवा बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवात तपासायला हवा. तिथे शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती सांध्यावर उलटलेली असते, आणि त्याला आवर घालणारी वेगळी औषधं मिळतात. ती वेळेवर सुरू झाली तर सांधे वाचतात, म्हणून हा प्रश्न विचारल्याशिवाय राहू नका. पूर्वी खांद्याला मोठा मार लागला असेल, किंवा कुठल्याही आजारासाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तेही सांगा. स्टिरॉइडमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून खचू शकतं.

मुलाच्या एमआरआयबद्दल. त्याची काळजी समजते, पण एक्स-रेमध्ये संधिवात स्पष्ट दिसत असेल तर तो सिद्ध करायला एमआरआय लागत नाही. साठी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येसुद्धा कंडरा फाटलेली दिसते. रिपोर्टमधली ती ओळ वाचून माणूस उगीच खचतो. शस्त्रक्रियेचा विचार खरंच पुढे गेला, तर कंडरा शाबूत आहे का हे पाहायला एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि वाटीचं हाड किती उरलंय हे मोजायला सीटी स्कॅन, यांचा खरा उपयोग आहे. तोवर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचवा.

आता ती रोजची गोळी. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही, पण दुखण्यासाठी मनाने घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या सूज कमी करणाऱ्या वर्गातल्या असतात, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, खांद्याची नाही. मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींचा भार मूत्रपिंडावर आधीच असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर, विशेषतः सोबत लघवी वाढवणारं औषधही असेल तर, या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला मोठा धक्का देऊ शकतात. शिवाय रक्तदाब वाढतो आणि पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. यातलं काहीच दुखून सांगत नाही. याच आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या, आणि गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर मांडा. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका.

त्या रोजच्या दुखण्याच्या गोळीच्या जागी बहुतेकांना आधी पॅरासिटामॉल देतात. ते फार जोरकस नाही, पण मूत्रपिंडाला आणि पोटाला पुष्कळ सौम्य आहे. निरोगी प्रौढाला दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम धरतात, आणि वय, वजन, यकृत पाहून डॉक्टर ती बऱ्याचदा ३ ग्रॅमच्या आत ठेवतात. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही हेच औषध असतं, त्याचा हिशेब धरायला विसरू नका. ते दिवसभर पेरण्यापेक्षा झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास घेतलं तर तुमच्या रात्रीला उपयोगी पडेल. चोळायच्या मलमांचा खांद्याच्या मोठ्या सांध्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण तो स्नायूंच्या जाड थराखाली आहे. माथ्यावरच्या छोट्या सांध्याला किंवा बोटांना होतो. सांध्याच्या टॉनिकच्या गोळ्या घेऊन कूर्चा परत उगवत नाही. आणि जिच्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत पण जिने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, अशा कुठल्याही औषधापासून दूर राहा. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि मधुमेहात ते फार महागात पडतं.

वंगणाच्या इंजेक्शनचं स्पष्टच सांगते, घेऊ नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्स या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने २०२० मध्ये खांद्याच्या संधिवातासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात, या इंजेक्शनचा खांद्यात फायदा होत नाही असा भक्कम पुरावा असल्याचं नमूद आहे. ‘वंगण’ हा शब्दही ‘झीज’च्याच घराण्यातला, यंत्राची आठवण करून देणारा, म्हणून तो पटकन पटतो. रक्तातून काढलेल्या प्लाझ्माच्या आणि मूलपेशींच्या इंजेक्शनांबाबतही भरवशाचा पुरावा अजून नाही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं वेगळं आहे. ते आजार बरा करत नाही, पण सुजलेल्या अस्तराची आग काही आठवडे, क्वचित दोन-तीन महिने, शमवतं. मी त्याच्याकडे एक उघडलेली खिडकी म्हणून पाहते. त्या आठवड्यांत झोप परत येते आणि व्यायाम करता येतो. व्यायाम करायचाच नसेल तर ते घेण्यात फारसा अर्थ नाही. घ्यायचं ठरलं तर सोनोग्राफीत पाहून नेमकं सांध्यात द्यावं. पुढचे काही दिवस, कधीकधी आठवडाभर, साखर वाढलेली राहते. म्हणून त्या दिवसांत साखर घरी वरचेवर मोजा आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की किती वाढली तर काय करायचं. वर्षात तीन-चारच्या वर ते देत नाहीत. आणि हे लक्षात असू द्या: इंजेक्शननंतर तीन महिने सांधेबदल करू नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेची तारीख जवळ असेल तर ‘तोवर एक इंजेक्शन देऊन टाकू’ याला हो म्हणू नका.

आता हालचालीकडे येते. इथे मला सावकाश लिहायचंय, कारण इथेच तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे.

खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. गोळा मोठा आणि वाटी उथळ, इतकी की कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भाग वाटीला टेकलेला असतो. बाकी सगळा सांभाळ स्नायूंचा आणि कंडरांचा. तुम्ही हात वापरायचं सोडलंत तेव्हा हे सांभाळणारेच दुबळे झाले, आणि आता हात उचलताना गोळा वाटीत जागच्या जागी राहत नाही. म्हणून दुखतं, दुखतं म्हणून तुम्ही आणखी जपता. हे चक्र उलटं फिरवायचंय, पण एका दिवसात नाही.

गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर किंवा पंधरा मिनिटं शेकल्यावर सुरुवात करा. मधुमेहात त्वचेची जाणीव कमी असू शकते, शेकाची पिशवी आधी डाव्या हाताने तपासा. डावा हात टेबलावर टेकून कमरेतून पुढे वाका आणि उजवा हात नुसता लोंबू द्या. मग अंग हलकेच पुढे-मागे झुलवा. हात आपोआप लंबकासारखा हलेल, तो उचलायचा नाही. दोन मिनिटं पुरेत. नंतर टेबलासमोर खुर्चीत बसा, टेबलावर फडकं ठेवा, त्यावर दोन्ही तळवे ठेवून फडकं पुढे सरकवत न्या. हाताने ढकलू नका, कमरेतून वाका, हात मागोमाग जाईल. यात खांदा उघडतो आणि वजन टेबल पेलतं. तुमच्यासारख्या खांद्याला ही हालचाल मला सगळ्यात आवडते.

तिसरी हालचाल उताणं पडून. उजव्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल, कोपर अंगाशी, नव्वद अंशात. दोन्ही हातांत एक काठी आडवी धरा आणि डाव्या हाताने काठी सरकवत उजवा पंजा बाहेरच्या बाजूला न्या. ताण जाणवला की तिथेच दहा आकडे मोजा आणि परत या. संधिवातात सर्वांत आधी हीच हालचाल जाते, आणि केस विंचरायला, कपड्याच्या बाहीत हात घालायला हीच लागते. चौथा व्यायाम दिवसभरात कुठेही: दोन्ही खवाटे मागे आणि किंचित खाली ओढून पाच आकडे धरायचे. ताकदीसाठी कोपर अंगाशी ठेवून पंज्याची बाहेरची बाजू भिंतीवर हलकेच दाबा, सांधा न हलवता, पाच आकडे. प्रत्येक गोष्ट दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिला आठवडा पाचच वेळा केलीत तरी चालेल.

किती दुखलं तर थांबायचं, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. करताना थोडं दुखणं चालतं. पण व्यायाम संपल्यावर दोन तासांनीही दुखणं वाढलेलंच असेल, किंवा ती रात्र नेहमीपेक्षा वाईट गेली, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद करू नका. निम्मं करा. या एका नियमावर तुम्ही वर्षानुवर्षं चालू शकता.

आणि कुणालाही हात पिरगाळून, जोर लावून ‘मोकळा’ करू देऊ नका, कितीही अनुभवी माणूस असो. फ्रोजन शोल्डरमध्ये पिशवी ताणायची असते, तुमच्याकडे वाटेत हाडाचा काटा आहे. हाडावर हाड आपटून ते सरत नाही, फक्त सुजतं. शेवटचा एखादा वीत हात वर जाणारच नाही कदाचित. त्याच्या मागे लागू नका. डोक्यापर्यंत, तोंडापर्यंत आणि कमरेच्या मागे पोचला तर दिवसाची बहुतेक कामं होतात.

कामं करताना एक गोष्ट सांभाळा, कोपर अंगाजवळ. रिकामा हात आडवा, खांद्याच्या उंचीला धरला तरी सांध्यावरचा दाब जवळपास सगळ्या शरीराच्या वजनाइतका होतो, कारण लांब दांड्याचं टोक पेलायला स्नायूंना सांध्याजवळून प्रचंड ओढावं लागतं. तीच वस्तू छातीशी धरली तर दाब कितीतरी उतरतो. म्हणून रोजच्या वस्तू वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणा, कंगव्याला लांब दांडा लावा, कपडे चढवताना उजवी बाही आधी आणि काढताना उजवी शेवटी. उजव्या हाताने जेवायला आजपासूनच सुरुवात करा, हवं तर कोपर टेबलावर टेकून. तुमचा डावा खांदा कुरकुरतोय तो संधिवात ‘पसरला’ म्हणून नव्हे. झिजेचा संधिवात एका सांध्यातून दुसऱ्यात असा पसरत नाही. तो बिचारा दोघांचं काम करून थकलाय.

आता ऑपरेशन. ‘आत्ताच करायला हवं का?’ याचं माझं उत्तर असं की एक्स-रे पाहून ते ठरत नाही. तुम्ही अजून खरे उपचार घेतलेलेच नाहीत. तीन वर्षं वाट पाहिलीत आणि आठ महिने गोळी खाल्लीत, बस. चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तीन महिने नियमित व्यायाम, औषधांची नीट घडी, लागल्यास एखादं इंजेक्शन, इतकं करा. त्यानंतरही रात्री मोडतच असतील, स्वतःचं स्वतः आवरता येत नसेल, तर शस्त्रक्रियेला घाबरून मागे राहू नका. साधारणपणे थोडं थांबल्याने संधी हुकत नाही. एकच अपवाद: वाटीचं हाड खचत चाललं असेल किंवा कंडरा फाटत असेल तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून थांबायचं ठरवलं तरी वर्षातून एकदा एक्स-रे आणि तपासणी करून घ्या.

खांद्याचा सांधा बदलणं ही नवी कल्पना नाही. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल-एमिल पेआँ या शल्यविशारदांनी क्षयाने सडलेल्या खांद्याच्या एका रुग्णाला प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता. बनवला होता एका दंतवैद्याने. जंतुसंसर्गामुळे तो सुमारे दोन वर्षांत काढावा लागला. पण १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी धातूचा गोळा वापरायला सुरुवात केली आणि तिथून हे शास्त्र रुळलं. आज दोन मुख्य प्रकार आहेत. कंडरा शाबूत असतील तर गोळ्याच्या जागी धातूचा गोळा आणि वाटीवर प्लास्टिकचा थर, शरीराच्या मूळ रचनेप्रमाणे. कंडरा कामातून गेल्या असतील तर रचना उलटी करतात, म्हणजे गोळा खवाट्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर. फ्रान्सच्या पॉल ग्रामोँ यांनी १९८५ मध्ये ही रचना बसवायला सुरुवात केली. फाटलेल्या कंडरांऐवजी खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात उचलायला लागतो. तुम्हाला ‘बदलावा लागेल’ म्हणाले, तर कुठल्या प्रकारे आणि का, हे नक्की विचारा. दुर्बिणीतून सांधा ‘साफ’ करण्याने इतक्या पुढे गेलेल्या संधिवातात सहसा टिकाऊ गुण येत नाही.

वेदना कमी करण्यात सांधेबदल फार चांगलं काम करतो, आणि बसवलेल्या दहांपैकी सुमारे नऊ सांधे दहा वर्षांनंतरही टिकून असतात. पण त्याची किंमत आधी कळायला हवी. चार ते सहा आठवडे हात झोळीत, तोही तुमचा उजवा. त्यानंतर काही महिने फिजिओथेरपी, आणि पूर्ण फायदा दिसायला सहा महिने ते वर्ष. जड उचलण्यावर कायमची मर्यादा. जंतुसंसर्ग, वाटी सैल होणं, सांधा निसटणं, मज्जातंतूला ताण बसणं हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. मधुमेहात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून बरेच सर्जन तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबायला सांगतात. हे काम आजच सुरू करा. शस्त्रक्रिया झाली काय, न झाली काय, ते वाया जाणार नाही.

काही गोष्टींसाठी मात्र माझ्या किंवा कुणाच्याच उत्तराची वाट पाहायची नाही. खांदा अचानक गरम, लाल झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप लागली तर ताबडतोब. मधुमेहात हृदयविकाराची लक्षणं फसवी असतात, नुसता खांदा किंवा जबडा दुखू शकतो. दोन्ही खांदे सकाळी अचानक धरायला लागले, सोबत कानशिलात नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं असं काही असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवा. त्यात दृष्टी जाऊ शकते आणि वेळेवर औषध मिळालं तर वाचते.

राहता राहिली आजची रात्र. तुम्ही उताण्या झोपत असाल तर हात गादीवर पडल्याने कोपर खांद्याच्या मागे जातं, सांध्याची पिशवी पुढून ताणली जाते आणि दोन-तीन तासांनी ठणका उठवतो. म्हणून दंडाखाली आणि कोपराखाली पोचेल अशी एक उशी ठेवा, कोपर छातीच्या पातळीला यायला हवं. फक्त मनगटाखाली ठेवलेली उशी उपयोगाची नाही. कुशीवर झोपायची सवय असेल तर डाव्या कुशीवर, छातीशी एक जाड उशी कवटाळून, उजवा हात पूर्णपणे तिच्यावर. उशी पातळ असेल तर हात पुढे खाली ओघळतो आणि पुन्हा तेच होतं, दोन घ्या. तरी जाग आलीच, तर अंथरुणात तळमळू नका. उठून टेबलाला हात टेकून दोन मिनिटं तो लंबक करा आणि उशा नीट लावून पुन्हा पडा. दोन आठवडे असं करून कितीदा जाग आली ते रोज सकाळी कॅलेंडरवर लिहा, आणि ते कॅलेंडर पुढच्या भेटीत एक्स-रेच्या बरोबर डॉक्टरांपुढे ठेवा.

तुमची,
डॉक्टरताई